पोकळी सापडली, भोवळ उरली

'चक्कर येते' असे सांगणारा रुग्ण डॉक्टरांपुढे येऊन बसला की त्या एका शब्दाच्या पोटात नेमके काय दडले आहे हे शोधण्यातच तपासणीचा बराचसा वेळ खर्ची पडतो. वस्तुतः मराठी भाषा या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. भोवतालचे जग फिरू लागले तर 'गरगरते'. बसल्या जागेवरून उठताच दृष्टीपुढे काळोख दाटला तर 'अंधारी येते'. शुद्ध हरपते की काय असे वाटून मटकन खाली बसावे लागले तर 'भोवळ' किंवा 'घेरी' येते. चालताना पाऊल भलतीकडे पडू लागले तर 'झोक जातो'. आणि यांपैकी काहीच नीट सांगता येत नसेल तर 'डोके हलके झाल्यासारखे वाटते'. ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ साली अशा रुग्णांची जी चार गटांत विभागणी केली, ती जवळजवळ हीच होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या बोलण्यात ती त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती, हे गमतीने का होईना, नमूद करावयास हरकत नाही.

पुढे या विभागणीचाही कस लागला. तोच रुग्ण काही मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर वेगळेच वर्णन करतो, असे २००७ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळून आले. तेव्हापासून 'कसे वाटते' यापेक्षा 'केव्हा वाटते, किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते' या प्रश्नांना अधिक वजन आले. कूस बदलताच काही क्षण येणारी चक्कर वेगळी, तासन्‌तास टिकून कानात आवाज करणारी वेगळी आणि महिनोन्‌महिने दिवसभर सोबत करणारी त्याहून वेगळी. रुग्णाने आठ-पंधरा दिवसांची साधी नोंदवही ठेवली तरी महागड्या चाचण्यांहून अधिक उलगडा होऊ शकतो. परंतु नोंदवही पाहावयास डॉक्टरांना जो निवांतपणा लागतो, तो आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागांच्या रांगांत कोठून मिळावयाचा?

मनुष्य सरळ उभा राहतो ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या फिरण्याची वर्दी देतात, डोळे क्षितिजाची साक्ष देतात, आणि पायांचे स्नायू व सांधे जमिनीची खबर मज्जारज्जूच्या मार्गाने मेंदूकडे धाडतात. या तिन्ही साक्षी जुळल्या की तोल राहतो. एकीने जरी विसंगत जबानी दिली तरी मेंदू गोंधळतो. व्हिएन्नाचे कर्णरोगतज्ज्ञ रॉबर्ट बाराणी यांना या यंत्रणेचा एक धागा अगदी साध्या प्रसंगातून गवसला. कान धुताना पाणी गार असेल तर रुग्णाला चक्कर येते आणि डोळे एका दिशेने झटके देतात. पाणी अधिक ऊन केले तर तेच झटके उलट दिशेने येतात, हे त्यांनी टिपले. या संशोधनाबद्दल त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी ते रशियाच्या कैदेत युद्धबंदी होते.

बहुसंख्य रुग्णांच्या चकरेचे कारण आज सापडते, आणि ते अनेकदा क्षुल्लक असते. अंतर्कर्णातील चुनखडीसारखे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत घरंगळतात आणि कूस बदलताच खोली फिरू लागते. डोके ठराविक क्रमाने वळवून हे कण जागेवर नेण्याची जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत काही मिनिटांत पुरी होते. तिला ना सुई लागते, ना गोळी. तरीही आपल्याकडे आजही चक्कर म्हटली की मानेचा एक्स-रे निघतो, मणक्यांची झीज दिसते आणि गळ्यात पट्टा येतो. मणक्यांची झीज पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांच्या चित्रांत दिसते, चक्कर येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्याही. ती चकरेचे कारण क्वचितच असते. याहून गंभीर प्रकार गोळ्यांचा. सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन यांसारखी औषधे तीव्र झटक्यात चार-दोन दिवस उपयोगी पडतात. ती महिनोन्‌महिने घेत राहिल्यास मेंदू स्वतःहून तोल सावरण्याचे जे काम करीत असतो त्यातच खोडा येतो, आणि वृद्धांमध्ये हातापायांना कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे दुकानात दाखवून गोळ्या आणणारी माणसे प्रत्येक गावात आहेत.

एवढे करूनही काही रुग्ण उरतात. त्यांचे कान निर्दोष, रक्तदाब यथास्थित, हृदयाचा आलेख सरळ आणि रक्तात काही नाही. तरीही जमीन होडीसारखी डुलते. मग शेवटचा उपाय म्हणून मेंदूचा आणि मानेचा एम.आर.आय. होतो, आणि एखाद्याच्या अहवालात अनपेक्षित ओळ येते: मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेली पोकळी. घरातल्यांना धक्का बसतो, पण त्याबरोबरच एक चमत्कारिक सुटकाही वाटते. चला, कारण सापडले! या अवघड रस्त्यावरचे सर्वांत फसवे वळण तेच आहे.

ही पोकळी म्हणजे काय, हे आधी पाहावयास हवे. ऑलिव्हिए या फ्रेंच वैद्याने १८२७ साली या विकारास 'सिरिंगोमायेलिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'सिरिंक्स' म्हणजे वेळूची पोकळ नळी, पावा. मज्जारज्जूच्या मध्यभागी पाव्यासारखी एक पोकळी तयार होते, तीत द्रव साठतो, आणि ती वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी रुंदावत जाऊ शकते. वेदना आणि उष्णता यांची जाणीव वाहणारे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात नेमके मध्यातून पलीकडे जातात. स्पर्शाचे तंतू मात्र पाठीमागच्या बाजूने सरळ वर चढतात. त्यामुळे मध्यातील पोकळी वाढली की पहिला घाव पडतो तो वेदनेच्या तंतूंवर. खांद्यावर उपरणे घ्यावे तेवढा भाग, दंड आणि हात यांना चटका कळेनासा होतो, परंतु हलका स्पर्श कळत राहतो. सांडशीवाचून चहाचे पातेले उतरविणाऱ्या बाईच्या बोटांवर फोड उठतात आणि ते तिला डोळ्यांनी पाहून कळतात. पुढे पंजातले बारीक स्नायू झिजतात आणि बोटे आखडतात.

हे वर्णन वाचताच कुष्ठरोगाची आठवण व्हावी यात नवल नाही. ऑग्युस्तीन मॉरव्हां या ब्रिटनी प्रांतातील डॉक्टराने १८८३ मध्ये न दुखणाऱ्या नखुरड्याच्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा हा मज्जारज्जूचा विकार की कुष्ठरोगच, यावर युरोपात कडाक्याचा वाद झाला. भारतात हा गोंधळ केवळ ग्रंथांतला राहत नाही. हाताची बोटे वाकलेली, त्यांवर न दुखणारे व्रण, एवढ्यावरून येथे माणसावर शिक्का बसत असे. आणि त्या शिक्क्याचा अर्थ घर, पंगत, नोकरी आणि लग्न या सर्वांतून बाहेर असा होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात होते आणि ते २०१९ मध्ये वगळण्यात आले, यावरून त्या शिक्क्याचे आयुष्य किती मोठे होते हे ध्यानात यावे. दोहोंत भेद करणे जाणत्या डॉक्टरास अवघड नसते. कुष्ठरोगात कोपराजवळची नस हाताला दोरीसारखी जाड लागू शकते, कातडीवर बधिर चट्टे असू शकतात. मज्जारज्जूच्या पोकळीत ते नसते, उलट पाय ताठरू लागतात. पण त्यासाठी पायही तपासावे लागतात.

पोकळी का होते, याचे एक उत्तर कवटीच्या तळाशी आहे. हान्स कियारी या प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञाने १८९१ साली लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेच्या नळीत उतरलेला असल्याचे वर्णन केले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मेंदूभोवतीचा द्रव खाली-वर हेलकावत असतो. बूच बसलेल्या बाटलीच्या तोंडाप्रमाणे ती वाट अडली की दाब मज्जारज्जूवर पडतो, आणि कालांतराने आत पोकळी धरते. म्हणून कवटीच्या मागील हाडाचा काही भाग काढून वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. ती यशस्वी झाली की पोकळीला स्पर्शही न करता ती आक्रसते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले डॉ. अतुल गोयल यांचे मत याहून निराळे. मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या ढिलेपणात असून ते मणके स्क्रूंनी घट्ट करावेत, असे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. जगातील अनेक शल्यविशारदांना हे मान्य नाही आणि वाद चालू आहे. याशिवाय पाठीला झालेल्या जुन्या दुखापतीनंतर, मज्जारज्जूतील गाठीमुळे किंवा क्षयाने मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेल्यावरही पोकळी होऊ शकते. क्षय ठाण मांडून बसलेल्या आपल्या देशात या शेवटच्या कारणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आता मूळ प्रश्न: या पोकळीने चक्कर येते काय? पोकळी वर सरकत मेंदूच्या देठापर्यंत पोहोचली असेल तर येते. डोळ्यांचे झटके, गिळण्याचा त्रास, आवाजात घोगरेपणा अशी तिची साथीदार लक्षणेही मग दिसतात. लहान मेंदू खाली उतरला असेल तरीही येते, आणि खोकताना वा शिंकताना डोक्याच्या मागे सणक उठते. परंतु पाठीच्या मधल्या भागात सुतासारखी बारीक, दोन-तीन मिलिमीटरची पोकळी दिसली, वर कवटीच्या तळाशी सारे यथास्थित असले, हातापायांत काही दोष नसला, तर त्या पोकळीचा आणि चकरेचा संबंध जोडण्यास शरीरशास्त्राचा आधार नाही. गर्भावस्थेत प्रत्येकाच्या मज्जारज्जूत अशी नळी असते. वयाबरोबर ती बुजत जाते आणि काहींची थोडीफार उघडी राहते. चित्र काढलेच नसते तर त्या माणसाला आयुष्यभर तिचा पत्ताही लागला नसता. शोधावयास गेलो एक आणि सापडले दुसरे, एवढ्यावरून दुसरे हे पहिल्याचे कारण ठरत नाही. हा तर्क शाळकरी मुलासही पटेल. मात्र चक्कर आलेल्या माणसाच्या घरात तो पटवून देणे फार कठीण, आणि शस्त्रक्रियेची तारीख मागणाऱ्या नातेवाइकांपुढे काही डॉक्टरांनाही तो धीराने मांडता येत नाही.

उलट चूकही तितकीच घातक असते, आणि तिचे उदाहरण सर्वज्ञात आहे. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा पेशाने वकील, हौशी खेळाडू म्हणूनच शेवटपर्यंत गोल्फ खेळला. १९३० साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकून त्याने अवघ्या २८व्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली, आणि पुढे ऑगस्टा येथील मैदान व तेथील मास्टर्स स्पर्धा उभारली. चाळिशीच्या उत्तरार्धात त्याचा उजवा हात व पाय दुबळे होऊ लागले. दोष मानेच्या मणक्यांत असावा असे समजून १९४८ आणि १९५० साली त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. गुण आला नाही. मज्जारज्जूत पोकळी असल्याचे निदान १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये झाले. तेव्हा एम.आर.आय. नव्हता, हातांची बधिरता, स्नायूंची झीज, पायांचा ताठरपणा यांवरूनच ते करावे लागले. काठी, कुबड्या, पायाला पट्ट्या आणि अखेर चाकांची खुर्ची अशा पायऱ्या उतरत तो १९७१च्या डिसेंबरात मरण पावला. मधल्या काळात, १९५८ साली, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज नगरीने त्यास नागरिकत्वाचा बहुमान दिला. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकी म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. जोन्सचा रोग बरा होण्याजोगा नव्हता, पण त्याला नाव मिळाले, आणि नाव मिळाल्यानंतर निष्फळ शस्त्रक्रियांचे सत्र तरी थांबले.

चकरेच्या बाजूचे उदाहरणही त्याच देशातले. अंतराळात गेलेला पहिला अमेरिकी, ॲलन शेपर्ड, १९६३ साली अंतर्कर्णाच्या मेनिए विकाराने गरगरू लागला आणि त्याचे उड्डाण बंद झाले. कार्यालयात बसून तो इतरांना अंतराळात धाडीत राहिला. लॉस एंजेलिसच्या एका कर्णशल्यविशारदाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर १९६९ मध्ये त्यास पुन्हा परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तो चंद्रावर उतरला. तेथे त्याने गोल्फचे दोन चेंडू टोलविले. ज्या वर्षी जोन्सने डोळे मिटले, त्याच वर्षीची ही गोष्ट.

या दोघांच्याही कथा सांगता येतात त्या त्यांच्या रोगांना नावे होती म्हणून. ज्यांच्या चकरेला नावच मिळत नाही त्यांची कथा कोणी सांगत नाही. शिक्षिका फळ्याकडून वर्गाकडे वळते आणि बाके सरकल्यासारखी वाटून क्षणभर टेबल धरते. बँकेतला कारकून रेल्वेचा पूल चढताना कठड्यावरचा हात सोडत नाही, आणि मागचा माणूस चरफडतो. घाटातली एस.टी. टाळण्यासाठी सणावारी माहेर चुकते. सुरुवातीस घरचे काळजी घेतात. पित्त म्हणून मोरावळा होतो, अशक्तपणा म्हणून उपास सोडवले जातात, कोणी दृष्टही काढते. महिने लोटतात तशी काळजीची जागा कंटाळा घेतो, आणि मग 'मनाचे खेळ' हा शब्द येतो. प्रथम तो कुजबुजीत असतो, पुढे तोंडावर येतो. पोकळीचा अहवाल आल्यावर हेच घर एकाएकी हळवे होते, कारण आता दाखवावयास चित्र आहे. चकरेचे चित्र निघत नाही.

'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना विज्ञानाचा आधार आहे असेही नाही. कानाला झालेला तात्पुरता आजार बरा होतो, परंतु तोल सांभाळताना मेंदूला लागलेली अतिसावधपणाची सवय सुटत नाही, आणि गर्दीत, सरकत्या दृश्यांपुढे, उभे राहिल्यावर माणूस दिवसेंदिवस डुलत राहतो. अशा दीर्घकालीन चकरेची व्याख्या बाराणींचेच नाव धारण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. ते ढोंग नव्हे. यंत्रणेच्या कामकाजातला तो खरा बिघाड आहे, जरी तिचा कोणताही सुटा भाग मोडलेला दिसत नसला तरी. त्यावर उपचारही आहेत. डोके व नजर यांच्या ज्या क्रमवार कसरती इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४०च्या दशकात डोक्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी बसविल्या, त्यांचीच सुधारलेली रूपे आज वापरली जातात. त्यांना खर्च जवळजवळ नाही. शिकवणारा माणूस मात्र लागतो, आणि तोल सावरण्याच्या या व्यायामांत तरबेज असलेला भौतिकोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहे.

डॉक्टरांकडून येथे एक अपेक्षा ठेवावयास हरकत नाही. 'तुम्हाला काही झालेले नाही' आणि 'काय झाले आहे ते अद्याप कळलेले नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य रुग्णास खोटा ठरवते. दुसरे बोलावयास अवघड, पण ते ऐकलेला रुग्ण या डॉक्टराकडून त्या डॉक्टराकडे आणि तेथून मांत्रिकाकडे भटकत नाही. त्यासोबत नेमकी सूचना हवी: पोकळी आहे, तिने आज काही बिघडवलेले नाही, अमुक महिन्यांनी पुन्हा चित्र काढू, तोवर आंघोळीचे पाणी हात घालण्याआधी दुसऱ्यास पाहावयास सांगा, हाताची पकड ढिली झाली, न कळता भाजले, पाय अडखळू लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला तर तारखेची वाट न पाहता या. चकरेचा उपचार निराळा चालू राहील.

नियमांच्या जगात तर या माणसाला जागाच नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांचे एकवीस केले आणि त्यांत जुनाट मज्जाविकारांचाही समावेश केला, हे स्वागतार्हच. आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ मात्र किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून आहेत. पोकळीमुळे हात लुळा पडला तर टक्के मोजता येतात. चकरेचे टक्के कसे मोजणार? वैद्यकीय मंडळापुढे उभा असताना त्या दिवशी तो माणूस ताठ उभा असू शकतो. परतीच्या वाटेवर जिन्यात त्यास खाली बसावे लागते. कायद्याने हे सारे मोजावे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. परंतु शिक्षिकेला तळमजल्यावरचा वर्ग, कारकुनाला खिडकीऐवजी आतले टेबल, गर्दीची लोकल टाळून तासभर उशिरा हजेरी, फिरतीच्या कामातून काही काळ सूट, एवढ्या गोष्टींस प्रमाणपत्राची गरज नाही. मुख्याध्यापक, शाखा व्यवस्थापक किंवा आगारप्रमुख यांच्या अधिकारात त्या आजही आहेत.